संगणकाचा रुंद पडदा आणि आपले डोळे

‘संगणकाने डोळे गेले’ ही तक्रार आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. पतसंस्थेतील लेखनिक, सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे अर्ज भरणारा तरुण, टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी, घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचे काम करणारा मुलगा, अशा अनेकांचे दिवसाचे सहा-सात तास पडद्यासमोर जातात. संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकते, मान आखडते. मग कोणीतरी सुचवते, ‘पडदा जुना झाला, आता मोठा रुंद पडदा घ्या.’ दुकानात ओळीने पडदे झगझगत असतात. त्यांतला सर्वांत लखलखीत तो सर्वांत चांगला असे समजून तोच घरी आणला जातो आणि आठ-पंधरा दिवसांत तक्रार पुन्हा डोके वर काढते.

असे होऊ नये म्हणून रुंद पडदा घेताना डोळ्यांच्या दृष्टीने काय पाहावे आणि कशासाठी जादा पैसे मोजू नयेत, याची माहिती या लेखात घेऊ.

पडद्याने डोळे कायमचे बिघडतात काय?

पूर्वीच्या अवजड, पेटीसारख्या मॉनिटरमध्ये काचेची नळी असे. तिच्यातून ‘किरण’ बाहेर पडतात या भीतीने लोक पडद्यावर वेगळी काच बसवीत. आजच्या चपट्या पडद्यात तशी नळीच नसते. मागच्या बाजूस दिवे असतात आणि त्यांचा उजेड पुढच्या बारीक ठिपक्यांतून गाळून आपल्यापर्यंत येतो. भर दुपारच्या आकाशाच्या मानाने हा उजेड अगदीच थोडा असतो. त्यामुळे डोळ्यांचा पडदा जळतो, दृष्टी जाते ही भीती मनातून काढून टाकावी.

मग त्रास कशाने होतो? त्याची तीन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण पापण्यांचे. एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्यांची उघडझाप करतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्श्यावर येते. डोळ्यांवरचा अश्रूंचा पातळ थर वाळतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. पंख्याचा झोत थेट तोंडावर येत असेल तर हा त्रास आणखी वाढतो.

दुसरे कारण चष्म्याचे. थोडासा नंबर असूनही चष्मा न लावणारे, किंवा जुन्याच नंबरावर वर्षानुवर्षे काम चालवणारे लोक पुष्कळ असतात. चाळिशी ओलांडलेल्यांची अडचण वेगळी. त्यांचा जवळचा नंबर पोथी-पुस्तकाच्या अंतराला, म्हणजे ३५ ते ४० सेंटिमीटरला काढलेला असतो. पडदा मात्र ६० सेंटिमीटरवर असतो. दुहेरी भिंगाच्या खालच्या भागातून तो पाहण्यासाठी हनुवटी वर करून बसावे लागते आणि संध्याकाळी मान दुखते. अशा वेळी कितीही महागाचा पडदा आणला तरी उपयोग होत नाही. आपल्या बसण्याच्या जागेपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून ते नेत्रतज्ज्ञांना सांगावे. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून मिळतो.

तिसरे कारण खुद्द पडद्याचे. अस्पष्ट अक्षर, अवाजवी उजेड, त्यावर पडलेले खिडकीचे प्रतिबिंब, चुकीची उंची, यांमुळे डोळ्यांना आणि मानेला दिवसभर नको तेवढे श्रम पडतात. हे श्रम योग्य निवडीने टाळता येतात. म्हणून क्रम लक्षात ठेवावा : आधी डोळे तपासून घ्यावेत, मग पडद्यासाठी दुकानात जावे.

इंचांचा घोळ

पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत घेतात. हे माप रुंद पडद्याच्या बाबतीत फसवे ठरते. जुना, चौकोनाकडे झुकणारा १९ इंची पडदा सुमारे साडेसदतीस सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असे. त्याच १९ इंचांचा रुंद पडदा घेतला तर रुंदी ४२ सेंटिमीटर होते, पण उंची २४ सेंटिमीटरही भरत नाही. म्हणजे इंच तेवढेच राहिले, उंची मात्र सुमारे सहा सेंटिमीटरने घटली आणि पडद्याचे एकूण क्षेत्रफळही कमी झाले.

चित्रपट पाहणाऱ्याला हे जाणवणार नाही. पत्रे, अर्ज, सातबारा, हिशेबाची पाने हा सारा उभा मजकूर असतो. तो बुटक्या पडद्यावर मावत नाही, म्हणून माणूस अक्षरे बारीक करतो आणि डोळे ताणून वाचतो. जुन्या १९ इंची पडद्याएवढी उंची हवी असेल तर रुंद पडदा २४ इंची घ्यावा लागतो. त्याची रुंदी ५३ आणि उंची ३० सेंटिमीटर असते. हातभर अंतरावर बसून लिखापढीचे काम करणाऱ्या बहुतेकांना हे माप सोयीचे पडते.

त्याहून मोठा पडदा घेण्यापूर्वी आपले टेबल मोजावे. टेबलाची खोली दीड फूटच असेल तर २७ किंवा ३२ इंची पडदा नाकापुढे येतो आणि कडा पाहण्यासाठी दिवसभर मान फिरवावी लागते. याहीपेक्षा लांबट असे ३४ इंची पडदे मिळतात. त्यांची रुंदी ८० सेंटिमीटरच्या घरात असते. दोन-तीन कागद शेजारी मांडून काम करणाऱ्यांना ते उपयोगी आहेत, इतरांना त्यांची गरज नाही.

अक्षराची धार : खरी कसोटी

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० ठिपके, म्हणजे एकूण सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके, ही आज सर्वसाधारण रचना आहे. ठिपके तेवढेच ठेवून पडदा मोठा केला की प्रत्येक ठिपका मोठा होतो. २४ इंची पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर ८२, तर ३२ इंचीवर अवघे ६९. निरोगी डोळ्याला हातभर अंतरावरून हा फरक कळतो. अक्षरांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसू लागतात. म्हणून २७ इंची पडदा घ्यायचाच असेल तर २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा घ्यावा. त्यात इंचाला सुमारे १०९ ठिपके मिळतात. मात्र आपला जुना संगणक एवढे ठिपके पुरवू शकतो का, हे आधी विचारून घ्यावे.

आपल्या देवनागरीला ठिपक्यांची गरज जास्त लागते. इंग्रजी अक्षर सुटे आणि सोपे असते. आपल्याकडे रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ठिपके कमी पडले की ‘घ’चा ‘ध’ दिसतो, ‘भ’ आणि ‘म’ यांत गल्लत होते, ‘ष’ची तिरकी रेघ नाहीशी होऊन तो ‘प’ वाटतो आणि रफारावरचा अनुस्वार रफारातच मिसळतो. मराठीत काम करणाऱ्याने पडद्याची परीक्षा मराठीतच घ्यावी.

येथे एक सर्रास होणारी गोष्ट सांगितली पाहिजे. अक्षरे बारीक दिसतात म्हणून पुष्कळ जण सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्याच, कमी करतात. अक्षर मोठे होते खरे, पण पुसट होते. कारण पडद्यावरचे ठिपके घडणीतच ठरलेले असतात. कमी ठिपक्यांचे चित्र त्यांवर ताणून बसवावे लागते. पुसट अक्षर स्पष्ट करण्याच्या खटपटीत डोळा थकतो. यासाठी रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असेल तेच ठेवावे आणि त्याच पानावरील ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावा. मग अक्षर मोठेही होते आणि रेखीवही राहते. हातभर अंतरावरून वाचताना अक्षराची उंची, मात्रा-उकार सोडून, निदान साडेतीन ते चार मिलिमीटर असावी. पट्टी पडद्याला लावून मोजून पाहा.

जोडणीची तारही पाहावी. निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंस स्क्रू असलेली व्हीजीए तार जुन्या पद्धतीची आहे. तिच्यातून येणारे चित्र कधी किंचित फिसकटते, तर कधी अक्षरांना सावली येते. संगणकाला सोय असेल तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची तार वापरावी. व्हीजीएशिवाय गत्यंतर नसेल तर मॉनिटरवरील ‘ऑटो ॲडजस्ट’ची सोय वापरून चित्र नीट बसवून घ्यावे.

स्वस्त पडतो म्हणून दूरदर्शन संचच संगणकाला जोडण्याचा प्रघात आहे. ३२ इंची साध्या संचात पुष्कळदा १३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून मोठा असतो. दहा फुटांवरून मालिका पाहण्यासाठी तो उत्तम. दोन फुटांवरून हिशेब लिहिण्यासाठी तो घेऊ नये.

उजेड किती असावा?

दुकानातील पडद्यांचा उजेड मुद्दाम पूर्ण ठेवलेला असतो. दहा ट्यूबलाइटच्या प्रकाशात तो शोभून दिसतो. घरच्या एका ट्यूबखाली तोच पडदा दिव्याकडे पाहिल्यासारखा डोळ्यांवर येतो.

यावर सोपा उपाय आहे. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि त्याच्या शेजारी पांढरा कागद धरावा. कागदापेक्षा पडदा दिव्यासारखा उजळ दिसला तर उजेड कमी करावा, राखाडी दिसला तर वाढवावा. दोन्ही साधारण सारखे दिसले की उजेड योग्य झाला. दिवस आणि रात्र यांसाठी तो वेगवेगळा लागतो. खोलीतले दिवे मालवून अंधारात काम करणे मात्र टाळावे.

पुष्कळ पडद्यांत उजेड कमी करण्यासाठी मागचे दिवे फार वेगाने चालू-बंद केले जातात. ही लुकलुक उघड दिसत नाही, पण काही लोकांचे डोके त्याने दुखते. अर्धशिशी असणाऱ्यांनी याची विशेष काळजी घ्यावी. ती ओळखण्यासाठी उजेड अगदी कमी करून पांढऱ्या पडद्यापुढे पेन्सिल भराभर आडवी हलवावी. पेन्सिलीचा एकसंध पुसट पट्टा दिसला तर पडदा चांगला. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर दिवे लुकलुकत आहेत असे समजावे. खोक्यावर ‘फ्लिकर फ्री’ लिहिलेले असले तरी ही चाचणी करून पाहावी. ती करताना दुकानातली ट्यूब स्वतःच लुकलुकत नाही ना, तेवढे पाहावे.

पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत असला की रंग खुलून दिसतात, पण खिडकी, ट्यूब आणि आपलाच पांढरा सदरा त्यात आरशासारखा दिसतो. प्रतिबिंबाच्या पलीकडचे अक्षर वाचण्यात डोळे शिणतात. वाचन-लेखनासाठी चकाकी नसलेला, म्हणजे ‘मॅट’ पृष्ठभागाचा पडदा घ्यावा.

टीएन, व्हीए, आयपीएस म्हणजे काय?

ही पडद्याच्या आतील रचनेची नावे आहेत. टीएन पडदा स्वस्त असतो, पण वरून-खालून पाहिले की रंग पालटतात. एका माणसाने सरळ बसून पाहायचे तरच तो ठीक. व्हीए पडद्यात काळा रंग गडद उमटतो, चित्रपटासाठी तो चांगला. आयपीएस पडदा कोणत्याही बाजूने पाहिला तरी चित्र फारसे बदलत नाही. समोर बसलेल्या ग्राहकाला पडदा फिरवून दाखवावा लागत असेल, किंवा दोघे-तिघे मिळून एकाच पडद्याकडे पाहत असतील तर आयपीएस घ्यावा. लग्नपत्रिका, फ्लेक्स, छायाचित्रे यांचे काम करणाऱ्यांनी तर तोच घ्यावा आणि रंगांची अचूकताही विचारावी.

दुकानात करावयाच्या चाचण्या

विक्रेते पोपट, फुले, धबधबे यांची चित्रफीत लावून ठेवतात. तशा चित्रात दोष लपतात. आपल्याबरोबर पेनड्राइव्हवर मराठी मजकुराचे एखादे पान न्यावे, नेहमीचा चष्मा लावावा आणि शांतपणे पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. हातभर अंतरावर बसून मराठी पान दहा मिनिटे वाचावे. घ-ध, भ-म, ष-प, द्ध, क्ष, रफार आणि अनुस्वार स्पष्ट दिसले पाहिजेत. अक्षरांभोवती पांढरी कडा दिसत असेल तर ‘शार्पनेस’ वाढवून ठेवलेला आहे. तो मध्यावर आणण्यास सांगावे.

२. कोरे पांढरे पान उघडावे. मधला आणि कोपऱ्यांचा पांढरेपणा सारखा हवा. एखादा कोपरा पिवळट किंवा मळकट नसावा.

३. पूर्ण काळे, तांबडे, हिरवे, निळे अशी पाने पाहावीत. कायम पेटलेला किंवा मेलेला ठिपका यात उघडा पडतो. काळ्या पानावर कडेने दिव्याचा उजेड झिरपतो का, तेही दिसते.

४. उभे राहून आणि दोन्ही बाजूंनी पाहावे. रंग फार पालटू नयेत.

५. उजेड कमी करून पेन्सिलीची चाचणी घ्यावी. काही स्वस्त पडद्यांचा उजेड पुरेसा खाली येतच नाही, तेही येथे कळते.

६. पडदा बंद करून त्यात आपला चेहरा कितपत दिसतो ते पाहावे. आरशाइतका स्पष्ट दिसला तर तो पडदा लिखापढीच्या कामाचा नाही.

७. स्टँड खाली-वर होतो का आणि पडदा मागे कलतो का, ते हाताने करून पाहावे. उंची बदलणारा स्टँड मानेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

खोके उघडल्यावर ठिपका मेलेला निघाला तर बदलून मिळेल का, हे बिल करण्यापूर्वीच विचारावे.

कशासाठी जादा पैसे देऊ नयेत?

खोक्यावर कोटीत लिहिलेले ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’चे आकडे पाहून भुलू नये. आयपीएस पडद्याचे खरे प्रमाण सुमारे हजारास एक, तर व्हीए पडद्याचे तीन हजारास एक असे असते. आणि वाचनासाठी हजारास एकही पुरेसे आहे. ‘१ मिलिसेकंद’, ‘१४४ हर्ट्झ’ हे आकडे वेगवान खेळ खेळणाऱ्यांसाठी आहेत. जुन्या नळीच्या पडद्यावर ६० हर्ट्झला चित्र थरथरत असे. आजच्या पडद्यात ६० ते १०० हर्ट्झ लिखापढीला पुरतात. वक्र पडदा डोळ्यांना आवश्यक आहे असे नाही.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची जाहिरात हल्ली फार होते. वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली अशा चष्म्यांवरील १७ चाचण्यांचा आढावा घेतला. संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा ताण त्यांमुळे कमी होतो, असे त्यात दिसून आले नाही. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटनाही असे चष्मे सुचवत नाही. तेवढ्याच पैशांत डोळे नीट तपासून योग्य नंबरचा चष्मा करून घ्यावा. झोप चांगली लागावी असे वाटत असेल तर निजण्यापूर्वी तासभर पडदा बंद करावा.

पडदा घरी आल्यावर

पडदा हातभर, म्हणजे ५० ते ७५ सेंटिमीटर अंतरावर ठेवावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, म्हणजे नजर थोडी उतरती राहते आणि डोळे कमी उघडे राहून कमी वाळतात. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्यावा. खिडकी पाठीमागेही नको आणि पडद्यामागेही नको. ती बाजूला यावी अशी मांडणी करावी. बघून टंकलेखन करणाऱ्यांनी मूळ कागद टेबलावर आडवा न ठेवता पडद्याशेजारी उभा लावावा.

दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडील वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि पापण्या सावकाश मिटाव्यात. लहान मुलांच्या बाबतीत पडद्याच्या दर्जाइतकेच महत्त्व मोकळ्या मैदानाला आहे. सतत जवळचे पाहणे आणि उन्हा-उजेडात न खेळणे यांमुळे मुलांत लांबचे न दिसण्याचा दोष वाढतो. मुलांना रोज निदान दीड-दोन तास बाहेर खेळू द्यावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

विश्रांती घेऊनही आठवड्याभरात त्रास कमी होत नसेल तर डोळे तपासून घ्यावेत. एकाएकी कमी दिसू लागणे, एकाचे दोन दिसणे, डोळा लाल होऊन ठणकणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, डोळ्यांपुढे विजेसारखी चमक किंवा काळा पडदा येणे, यांपैकी काहीही झाल्यास ‘संगणकामुळे असेल’ असे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. काचबिंदू किंवा दृष्टिपटल सुटणे यांसारखे आजार असे सुरू होऊ शकतात आणि वेळीच उपचार झाले तर दृष्टी वाचू शकते. मधुमेह असणाऱ्यांनी आणि चाळिशी उलटलेल्यांनी काहीही त्रास नसला तरी ठरावीक काळाने, मधुमेह असल्यास वर्षातून एकदा, डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्यावी.